उजवा कौल

अर्धा जिना चढून गेल्यावर माझा हात सवयीनं गळ्याशी गेला आणि गळा मोकळा लागला. मंगळसूत्र खाली नहाणीतच, खिळ्याला राहिलं होतं.

ओल्या केसांनी तशीच धावत खाली आले. नहाणीत त्या घरची मोठी सून रजनी, सगळे तिला वहिनीच म्हणत, चुलीत नारळाची सोडणं सारत बसली होती. खिळा रिकामा होता.

“काय विसरलं?” तिनं विचारलं.

“साबण,” मी म्हणाले. साबणाची डबी माझ्या हातातच होती.

वहिनीनं डबीकडे बघितलं. मग मूठ उघडून काळ्या मण्यांचा तो सर माझ्यापुढे धरला. “हे खिळ्याला होतं. नवीन आहे वाटतं. सवय झाली नाय अजून.”

“हो ना,” म्हणत मी तो घाईघाईनं गळ्यात घातला. घालताना केसांत अडकला. सोडवून होईपर्यंत वहिनी पुन्हा चुलीकडे वळली होती.

ते मंगळसूत्र काही नवीन नव्हतं. जोतिबाच्या जत्रेत घेतलेलं, चार-पाच वर्षं वापरातलं. लग्न मात्र झालेलं नव्हतं. त्या काळी, म्हणजे पंच्याण्णव सालच्या आसपास, एकट्या बाईनं लॉजवर खोली मागितली की मॅनेजर आधी तिच्या मागे कोण उभं आहे ते बघायचा आणि मग खोल्या भरल्यात म्हणून सांगायचा. गळ्यात काळे मणी असले आणि ‘मिस्टर उद्या येणार आहेत’ असं ठोकून दिलं की खोली मिळायची. या मिस्टरांच्या जोरावर मी गोकर्ण बघितलं, दीव बघितलं, पाँडिचेरी बघितली. ते कधीच कुठे आले नाहीत आणि त्यांच्यावाचून माझं काही अडलंही नाही.

कोल्हापूरला मी सरकारी रक्तपेढीत नोकरीला होते. वर्षभर रजा साठवायची, एक कापडी पिशवी खांद्याला लावायची आणि एस.टी.नं समुद्र असलेलं एखादं गाव गाठायचं. स्वस्तातली खोली, खाणावळीतलं ताट आणि दिवसभर पायी भटकणं. अण्णा, माझे वडील, याला ‘हेमांगीचं खूळ’ म्हणत. पण रत्नागिरीच्या या घरात मी नुसती भटकायला आले नव्हते. हे घर म्हणजे मला सांगून आलेलं स्थळ होतं.

मुलगा गिरीश नागवेकर, मस्कतला नोकरीला. स्थळ मावशीनं आणलं होतं. तो सुट्टीवर आला की लग्न, आणि लग्नानंतर बायकोला घेऊनच परत जाणार, असं मावशीला कळवलं होतं. मी नोकरीचा राजीनामा द्यायचा. नागवेकर त्यांच्या ग्रामदेवीचा कौल घेतल्याशिवाय शब्द देत नसत, आणि अण्णांना नेमकं तेच फार पसंत पडलं होतं. “उजवा कौल आला की ठरलं. मग मागंपुढं बघायचं नाही,” असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि धाकट्या भावाचं लग्न माझ्यापायी अडलं होतं.

खरं सांगायचं तर मलाही मोह झाला होता. गिरीशचा नव्हे, त्याचा मी फोटोच बघितला होता. मोह मस्कतचा. विमान, डोंगर आणि समुद्र असलेलं परकं शहर, तिथले बाजार. ऑफिसातल्या नकाशात मी ते गाव शोधून ठेवलं होतं. फक्त मुलाकडचे आपल्या घरी येऊन चहापोहे खातात, भिंती बघतात, शेजारीपाजारी चौकशी करतात, आणि आपण त्यांचं घर बघायचं ते एकदम माप ओलांडताना, हे मला कधी पटलं नव्हतं. नागवेकर वरच्या दोन खोल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना भाड्यानं देतात असं मावशीच्या बोलण्यात आलं आणि माझं ठरलं. घरी सांगितलं, मैत्रिणीबरोबर मालवणला चाललेय. इकडे नाव सांगितलं नीलिमा सावंत, राहणार सांगली.

ओळखू येईन अशी फारशी भीती नव्हती. त्यांच्याकडे गेलेल्या फोटोत माझी पाठभर वेणी होती. नंतर टायफॉइडमध्ये केस गळाले, ते मी खांद्यापर्यंत कापून टाकले होते. शिवाय फोटोसाठी काढून ठेवलेला चष्मा आता डोळ्यांवर होता. पण पहिल्याच सकाळी मंगळसूत्र खिळ्याला सोडून येण्याइतकी मी गाढव निघेन, हे काही मी धरलेलं नव्हतं.

घर मांडवीजवळ होतं. खिडकीतून जेटी दिसायची, खाडीचं तोंड दिसायचं आणि त्यापलीकडे नुसतं पाणी. घरात माणसं दोनच. एक गिरीशची आई, खोल्यांतले उतारू त्यांना ‘काकू’ म्हणत. उंच, सडसडीत, कमी बोलणाऱ्या. दुसरी ही वहिनी. तिचा नवरा महेश, गिरीशचा थोरला भाऊ, तोही मस्कतलाच. स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती, एक इथलं आणि एक दीड तास मागे लावलेलं, तिकडचं. फ्रीज, मिक्सर, टेपरेकॉर्डर, सगळं तिकडून आलेलं होतं.

त्याच दिवशी दिवेलागणीला काकूंनी मला हाक मारली. “या हो, सवाष्ण आहात, आज दिवा तुम्ही लावा.”

नाही म्हणायला कारण सुचेना. देवघरापुढे बसले, काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली. वात पेटली तेव्हा देवापुढचा नारळ दिसला आणि नारळाखाली ठेवलेला कागद दिसला. माझी पत्रिका. पत्रिकेतून फोटोचा कोपरा बाहेर आला होता आणि त्या कोपऱ्यात माझ्या साडीचा काठ होता.

“धाकट्याचं जमतंय,” काकू म्हणाल्या. त्यांनी नारळ बाजूला केला, फोटो ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. “कोल्हापूरची मुलगी आहे. कशी वाटते सांगा बघू.”

समईच्या उजेडात मी माझ्याकडेच बघत होते. स्टुडिओतला खोटा खांब, त्यावर टेकवलेला हात, पुढे घेतलेली वेणी आणि फोटोग्राफरनं सांगून आणलेलं हसू. वर बघायची छाती होईना, कारण वर बघितलं असतं तर त्यांना दोन्ही चेहरे शेजारी शेजारी दिसले असते.

“बरी आहे,” मी म्हणाले. “पण फोटोत काय कळतं?”

“तेच तर. फोटोत माणूस कळत नाय, घर कळत नाय.” काकूंनी फोटो घेतला आणि होता तसा नारळाखाली ठेवला. मी चोरून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या वात सारखी करत होत्या.

दुसरा दिवस मी बाहेरच काढला. मिरकरवाड्याला होड्यांतून मासळी उतरताना बघितली, भगवतीच्या किल्ल्यावर चढले, दीपगृहापाशी तासभर बसले. हवा छान होती, पायांना सुट्टी कळली होती, डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं. समोरच्या पाण्याकडे बघून मी मनाला सांगत होते की याच्या पलीकडच्या काठाला मस्कत आहे आणि वर्षभरात तू तिथून इकडे बघत असशील. खाणावळीत बांगड्याचं तिखलं आणि भात खाल्ला. मग सोलकढीची वाटी हातात धरून नुसतीच बसले. समजा उद्या सकाळी काकूंनी ‘हेमांगी’ म्हणून हाक मारली तर काय करायचं, ते काही सुचेना. सासरच्या घरात खोटं कुंकू लावून शिरलेली मुलगी म्हटल्यावर अण्णांना गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

परतले तेव्हा वहिनी विळीवर नारळ खवत होती. कुठे कुठे जाऊन आले ते तिनं विचारलं. मी किल्ला सांगितला, दीपगृह सांगितलं. दीपगृहावर वर जाऊ देतात का, हे तिनं दोनदा विचारलं. संध्याकाळी थोडा वेळ सोडतात, तिथून सगळं बंदर दिसतं, मी म्हणाले. तिच्या हातातली वाटी थांबली होती.

“तुम्ही गेला नाहीत कधी?” मी विचारलं. दीपगृह त्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर होतं.

“लग्न झालं तेव्हा जोड्यानं किल्ल्यावर गेलो होतो देवीच्या पाया पडायला. मग हे गेले तिकडे. आठ वर्षं झाली.” तिनं वाटी फिरवली. “एकटीनं कुठं जाणार? आणि खोल्यांत कोण ना कोण असतंच. चहा, पाणी, जेवण.”

दर दोन वर्षांनी महिनाभर येतात, असंही तिनं आपणहून सांगितलं. तुम्ही तिकडे का गेला नाहीत, हे मला विचारायचं होतं. विचारू की नको, असं करत असतानाच तिनं माझ्या गळ्याकडे बघितलं.

“तुमचे मिस्टर येणार होते ना?”

“उद्या येतील.”

“सगळ्यांचेच उद्या येतात,” वहिनी म्हणाली आणि खोबरं परातीत झटकलं.

शुक्रवारी दुपारी मी जेवायला खाली आले तेव्हा घराचा नूर वेगळा होता. वहिनीनं साडी बदलली होती, केसांत अबोलीचा वळेसर होता. शुक्रवार मस्कतचा सुट्टीचा दिवस. माझं ताट वाढलं होतं, पण दोघींचं लक्ष माजघरातल्या फोनकडे. मी बसले होते तिथून तो फोन चार हातांवर होता आणि मधे दारसुद्धा नव्हतं.

फोन वाजला. आधी महेश बोलला. वहिनी भिंतीकडे तोंड करून, तोंडाशी हात धरून बोलत होती. जेवले, बरी आहे, पाठवा, एवढेच शब्द अधूनमधून ऐकू आले. दोन मिनिटांत तिनं रिसीव्हर सासूकडे दिला आणि मोरीपाशी जाऊन उगाचच भांडी विसळायला लागली.

आता पलीकडे गिरीश होता. माझा हात भातातच राहिला.

“आवाज येत नाय रे, मोठ्यानं बोल,” काकू म्हणाल्या आणि स्वतःच मोठ्यानं बोलायला लागल्या. “उद्या कौल लावतेय. मुलीकडचे विचारतील, तिला नेणार कधी? काय सांगू? … नेणार नाय? … व्हिसा मिळायचा नाय म्हणतोस. बरं. महेशला आठ वर्षांत मिळाला नाय, तुला कुठून मिळणार. … मग नेतो म्हणून तिच्या मावशीला कशाला कळवायला लावलंस? … तसं म्हटल्याशिवाय नोकरीवाली मुलगी मिळत नाय म्हणतोस. बरं. … आणि तिनं नोकरी सोडायची ती कशासाठी? … खोल्या बघायला. माझं वय झालं, रजनी एकटी पडते. बरं. … एकदा लग्न झालं की मग ती काय बोलणार, होय ना? बरं, बरं.”

प्रत्येक ‘बरं’ माझ्या टाळक्यात बसत होतं. म्हणजे मी मस्कतला जाणारच नव्हते. मला याच खिडक्यांत बसून, भटकायला आलेल्या लोकांना किल्ला कुठे आणि जेटी कुठे ते सांगायचं होतं, त्यांच्या चादरी बदलायच्या होत्या आणि तिकडच्या घड्याळाला चावी द्यायची होती.

काकूंनी फोन ठेवला आणि भाताचं पातेलं घेऊन आल्या. “लाईन खराब असते हो. ओरडावं लागतं. भात वाढू?”

मी नको म्हणाले. वर जाऊन खोलीचं दार लावून घेतलं आणि रागारागानं पिशवी भरायला घेतली. अर्धी भरल्यावर लक्षात आलं की पळून तरी उपयोग काय. घरी जाऊन अण्णांना सांगणार काय? फोनवर ऐकलं, असं सांगितलं तर कुणाच्या फोनवर, तिथे तू काय करत होतीस? न सांगता नुसतं नको म्हटलं तर कारण काय? मस्कतचं स्थळ, आजवरचं एकच चांगलं, आणि त्यात देवीचा कौल. आता त्या एका कौलावर सगळं आलं होतं. तो डावा आला तर मी सुटले. उजवा आला तर अण्णा लग्नपत्रिका छापायला टाकणार.

संध्याकाळी काकू जिन्याखालून म्हणाल्या, “उद्या सकाळी देवळात जातेय, कौल लावायला. चला तुम्ही पण. बाहेरच्या लोकांना बघायला मिळत नाय.” मी येते म्हणाले. न जाऊन खोलीत बसणं मला झेपलं नसतं.

देऊळ चढावर होतं. काकूंनी पायरीला हात लावला, मग उंबऱ्याला, मग आत जाऊन नाक जमिनीला टेकवलं. देवीच्या नावाचा खोटा उच्चारही न करणारी बाई, हे त्यांच्या वाकण्यातच दिसत होतं. म्हाताऱ्या गुरवानं देवीच्या काळ्या पाषाणावर पाणी घातलं, फुलाच्या पाकळ्या ओल्या केल्या आणि पाषाणाला चिकटवल्या, उजवीकडे एक, डावीकडे एक. जी आधी पडेल तो देवीचा शब्द.

“काय विचारायचं?” गुरवानं विचारलं.

“मनात धरलंय,” काकू म्हणाल्या.

गुरवाला त्यात काही नवल वाटलं नाही. त्यानं हात जोडून गाऱ्हाणं घातलं. “बाय माझे, हिनं मनात धरलेलं काम करण्यासारखं असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे. लेकरं तुझी हायत, समजून घे.”

मी तशी देवभोळी नाही. पण त्या दिवशी मी डाव्या पाकळीला मनातल्या मनात अक्षरशः विनवत होते. पड, बाई, पड. गाभाऱ्यात धूप कोंडला होता, गुरवाचा श्वास ऐकू येत होता. डावी पाकळी जरा हलली. तिच्या टोकाशी थेंब जमला. ती बोटभर खाली घसरली आणि तिथेच पुन्हा चिकटून राहिली. काकू डोळे मिटून बसल्या होत्या, त्यांचे ओठ हलत होते.

उजवी पाकळी न हलता, न घसरता एकदम सुटून खाली पडली.

“उजवा,” गुरव म्हणाला. “स्वच्छ उजवा.”

काकूंनी पदर कपाळाला लावला. मी खांब धरून उभी राहिले. उतारावरून परत येताना मी त्यांच्या दोन पावलं मागेच राहिले. घराजवळ आल्यावर मी सांगितलं की मिस्टरांना अचानक काम निघालंय, ते काही येत नाहीत, मी दुपारच्या गाडीनं निघते. जेवून निघा, एवढंच त्या म्हणाल्या.

निघताना पिशवी खांद्याला लावून मी खाली आले तर देवघरापुढे पाट मांडला होता. शेजारी तबकात हळद-कुंकू, तांदूळ, नारळ आणि हिरवा खण. सवाष्णीला घरातून रिकामी पाठवत नाहीत. माझी ओटी भरणार होत्या. कसली सवाष्ण आणि कसली ओटी. एवढं खोटं बोलून झालं होतं, पण हे मात्र मला नको होतं. तरी पाटावर बसले आणि ओढणी पसरली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

काकूंचं बोट तबकाकडे गेलं. हळदीच्या वाटीवरून ते पुढे गेलं आणि कुंकवात बुडलं. हळद न लावता त्यांनी माझ्या कपाळावर नुसतं कुंकू टेकवलं. खण आणि तांदूळ तबकातच राहिले. नारळ तेवढा त्यांनी उचलला आणि ओढणीत न घालता माझ्या हातात दिला.

“कुमारिकेची ओटी भरत नाहीत आमच्यात,” त्या म्हणाल्या. “नीट जा हो, हेमांगी.”

मी नारळ मांडीवर ठेवला. मग विचारलं, “कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. लग्न झालेली बाय न्हाताना मंगळसूत्र खिळ्याला टांगत नाय गो. रजनीनं येऊन सांगितलं, मग मी फोटो काढून बघितला. केस कापलेस, चष्मा लावलास, पण हनुवटी कुठं जाणार?” त्या एकेरीवर आल्या होत्या आणि आवाजात राग नव्हता. “आधी वाटलं, घालवून द्यावी. मग म्हटलं, बघायला आलीय ना, बघून जाऊ दे.”

“म्हणून फोटो दाखवलात.”

“तेव्हा जरा गंमत केली.” त्या किंचित हसल्या. “फोनची नाय केली.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाईन खराब नव्हतीच. दोनच मिनिटं आधी त्याच फोनवर वहिनी तोंडाशी हात धरून कुजबुजली होती आणि तिकडच्याला सगळं ऐकू गेलं होतं. काकू मुलाचा एकेक शब्द घेऊन मोठ्यानं परत म्हणत होत्या, तो त्याच्यासाठी नव्हे. चार हातांवर ताट पुढे घेऊन बसलेल्या माझ्यासाठी.

“पण कौल उजवा आला,” मी म्हणाले. “माझे वडील त्यावरच थांबलेत.”

“उजवा आला. पण मी विचारलं काय, ते कुठं ठाऊक आहे तुला?” काकूंनी तबक बाजूला सारलं. “ह्या पोरीला परत पाठवू का, म्हणून विचारलं. देवी पाठव म्हणाली.”

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. डोळे पुसून मी म्हणाले, गिरीश तुमच्यावर चिडेल. तो माझाच मुलगा आहे, त्याचं मी बघेन, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी दाराकडे बघितलं. वहिनी तिथेच होती.

“हिच्या वेळीही मी कौल लावला होता,” काकू म्हणाल्या, आणि आवाज न चढवता, तिच्यादेखतच म्हणाल्या. “माझ्या महेशचं बरं होईल ना, असं विचारलं होतं. तेव्हाही उजवाच आला. हिचं काय होईल ते विचारायचं सुचलंच नाय.”

वहिनी वळली. आत गेली आणि केळीच्या पानात बांधलेल्या घावन-चटणीची पुडी घेऊन आली. ती माझ्या पिशवीत नीट आडवी ठेवली, वर टॉवेल घातला.

“दीपगृहावर संध्याकाळी सोडतात म्हणालात ना?” तिनं विचारलं.

“हो. मांडवीवरून रिक्षा मिळते.”

“बरं,” ती म्हणाली. काकूंनी तिच्याकडे बघितलं, पण अडवलं नाही.

पायऱ्या उतरताना मी गळ्यातलं ते खोटं मंगळसूत्र काढायला लागले. काकूंनी हात धरला. असू दे, म्हणाल्या, एकटीदुकटी फिरतेस, लॉजवाले बरे नसतात.

एस.टी.त नारळ मांडीवर घेऊन बसले. आंबा घाटात गाडी वळणं घेत होती आणि मी अण्णांपुढे काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत होते. काकूंनी मला सोडलं होतं, पण त्या माझ्या घरी काय कळवणार हे विचारायचं भानच राहिलं नव्हतं. कौल उजवा म्हटलं तर अण्णा ऐकणार नाहीत. नकार त्यांच्याकडून आला तर मुलीत खोट म्हणून गावभर होणार. नकार मी दिला तर मीच भवानी. तिन्ही वाटांनी मीच सापडत होते.

घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. अण्णा आरामखुर्चीत बसले होते, पुढचा चहा निवून गेला होता. माझा प्रवास कसा झाला हेही त्यांनी विचारलं नाही.

“मावशीचा फोन आला होता शेजारी,” ते म्हणाले. “नागवेकरांच्या आईनं स्वतः कळवलंय तिला. आज सकाळी कौल लावला. डावा आला.”

मी दारातच उभी राहिले.

“मुलगी लाखात एक आहे, आमच्याच नशिबात नाही, असं म्हणाल्या म्हणे. फार वाईट वाटलं बाईंना.” अण्णांनी सुस्कारा सोडला. “जाऊ दे. देवीचीच इच्छा नाही तर तू काय करणार आणि मी काय करणार? दुसरं बघू सावकाश.”

मला कुणी दोष दिला नाही. तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही. पायरीला, उंबऱ्याला आणि जमिनीला डोकं लावणाऱ्या त्या बाईनं माझ्यासाठी देवीचा शब्द फिरवून सांगितला होता आणि ते तिच्या देवीला, वहिनीला आणि मला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नारळ फोडला. एक तुकडा अण्णांच्या हातावर ठेवला.

“कुठल्या देवळातला हा?” त्यांनी विचारलं.

“वाटेत एक देवीचं लागलं.”

अण्णांनी तुकडा कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. “गोड आहे,” ते म्हणाले, आणि दुसरा मागून घेतला.